आधी रिमोट, मग ड्रोन



फवारणीचा ड्रोन आता वर्तमानपत्रातल्या फोटोतून उतरून शिवारात आला आहे. मुखेड, कंधार, देगलूर, उदगीर, अहमदपूर, कुठेही जा, कापसाच्या हंगामात एखाद्या बांधावर घोळका दिसतो आणि घोळक्याच्या डोक्यावर ते यंत्र घरघरत असते. बघणारे सगळे आपले. शेत आपले, औषध आपल्या पैशाचे. पण रिमोट कुणाच्या हातात असतो, ते एकदा नीट बघा. बहुतेक वेळा तो बाहेरून आलेल्या पोराच्या हातात असतो.

आमचे म्हणणे पहिल्यांदाच सांगून टाकतो. ड्रोन हे अवजार आहे. ते देवही नाही आणि दैत्यही नाही. अवजार ज्याच्या हाती बसते त्याचे ते होते, बाकीच्यांना ते भाड्याने घ्यावे लागते. म्हणून अनुदानाच्या ड्रोनसाठी रांगेत उभे राहण्याआधी आपल्या पोरापोरींनी त्याचा रिमोट हाती बसवून घ्यावा. त्याला दहा लाखांचे यंत्र लागत नाही. एक साधा रिमोट, एक वायर आणि एक जुना संगणक एवढ्यावर हे शिक्षण गावात सुरू होते. ते कसे, का आणि कुठवर, हे या लेखात मांडतो.

फवाऱ्याची किंमत कोण मोजतो

पाठीवरचा पंप पंधरा-सोळा लिटरचा. वाढलेल्या कापसाला एकरी दहा-बारा पंप लागतात. म्हणजे एका एकराला दीड-दोनशे किलो पाणी माणूस पाठीवर वाहतो, तेही चिखलातून, दमट उन्हात, तोंडाला फडके बांधून. वाऱ्याने दिशा बदलली की औषध अंगावर. याचा हिशेब कुठल्याच उत्पादन खर्चात धरला जात नाही.

२०१७ च्या खरिपात आपल्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात काय झाले ते आपण विसरलेलो नाही. त्या साली कापूस डोक्याला लागला होता. फवारा खाली न जाता तोंडावर आणि छातीवर येत होता. फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी आणि शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात पडले. चौकशा झाल्या, समित्या बसल्या, हातमोजे आणि चष्मे वापरा असे फलक लागले. चाळीस अंशांच्या घामात रबरी कोट घालून फवारून दाखवा, असे त्या फलकवाल्यांना कुणी विचारले नाही.

त्यामुळे माणूस विषाच्या ढगातून बाहेर काढणारे कोणतेही तंत्र आले तर आम्ही त्याचे स्वागतच करू. दहा लिटरच्या टाकीचा ड्रोन एका उड्डाणात साधारण एकरभर फवारतो, वेळ लागतो सात-दहा मिनिटे. फवारणारा बांधावर, वाऱ्याच्या मागे उभा राहतो. कापसाला आणि उंच वाढलेल्या तुरीला हा मोठा फायदा आहे. ज्वारीचे तसे नाही, हेही सांगितले पाहिजे. रब्बी ज्वारीला आपण फवारतोच किती? मावा-चिकटा वाढला, नाहीतर लष्करी अळी पोंग्यात शिरली तरच. ज्वारीवाल्याने ड्रोनच्या नावाने कर्ज काढण्याचे काही कारण नाही.

सरकारी ड्रोनचे गणित

केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये 'नमो ड्रोन दीदी' योजना मंजूर केली. १५,००० महिला बचत गटांना ड्रोन, खर्च १,२६१ कोटी रुपये. ड्रोन आणि त्याच्या सामानाच्या किमतीच्या ८० टक्के, जास्तीत जास्त ८ लाख रुपये अनुदान. उरलेल्या रकमेसाठी गटाने कर्ज काढायचे, व्याजात ३ टक्के सवलत. गटातल्या एका बाईला १५ दिवसांचे शिक्षण: ५ दिवस ड्रोन उडवण्याचे, १० दिवस खत-औषध फवारणीचे. गटाला वर्षाला किमान एक लाख जादा मिळतील, असे सरकारने सांगितले. त्याआधी २०२२ पासूनच शेती अवजारांच्या योजनेतून भाडे केंद्रांना ४० टक्के, कृषी पदवीधरांच्या केंद्रांना ५० टक्के आणि कृषी विज्ञान केंद्रे, विद्यापीठे यांना १०० टक्के अनुदान लागू झाले होते.

अनुदानाबद्दल आमची भूमिका जुनीच आहे. एका हाताने द्यायचे आणि दुसऱ्या हाताने दुप्पट काढून घ्यायचे, हा खेळ आपण पिढ्यान् पिढ्या पाहतो आहोत. ऑगस्ट २०२५ मध्ये, कापूस बोंडावर येत असताना, याच सरकारने कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले. आधी सप्टेंबर अखेरपर्यंत, मग डिसेंबर अखेरपर्यंत. कापूस घरात येण्याच्या नेमक्या त्या महिन्यांत परदेशी गाठींना दार उघडे. क्विंटलमागे तिथे जे गेले, ते ड्रोनच्या अनुदानाने भरून निघत नाही. घामाचे दाम मिळाले असते तर ड्रोन आपण रोखीने घेतला असता.

पण या लेखाचा मुद्दा अनुदान नाही, शिक्षण आहे. पाच दिवसांत उडवायला शिकलेली बाई गावी परत येते ती उन्हाळ्यात. पहिली फवारणी येते जुलै-ऑगस्टात. मधल्या तीन-चार महिन्यांत हात विसरतो. ऐन हंगामात तिच्या हाती औषधाने भरलेले जड यंत्र दिले, बघायला सगळे गाव जमले, बांधावर बाभळ, वर विजेची तार. यंत्र आदळले तर पंखे गेले, हात गेले, कधी कधी बॅटरीही गेली. दुरुस्तीचे सामान तालुक्यात मिळत नाही. मग ते यंत्र घराच्या माळवदावर जाते आणि हप्ते मात्र चालू राहतात. असा पांढरा हत्ती कुणाच्याही दारी बांधला जाऊ नये, असे वाटत असेल तर रोज हात चालता राहील अशी सोय गावात पाहिजे.

पाठीचा भोपळा

पोराला पोहायला शिकवताना आपण काय करतो? पाठीला सुका भोपळा बांधतो, नाहीतर पांगऱ्याचा बिंडा. भोपळा बांधून चार दिवस हातपाय मारले की मग विहीर. गोऱ्हा थेट तिफणीला कोण जुंपतो? आधी नुसते जू, मग ओढायला ओंडका, मग वखर आणि शेवटी तिफण. पेरणी वाकडी गेली तर सगळ्या हंगामाला दिसते, हे माहीत असल्याने.

विमान उडवणाऱ्यांनाही हे शहाणपण ठेच लागूनच आले. अमेरिकेत एडविन लिंक नावाच्या माणसाने १९२९ च्या सुमारास जमिनीवरच हलणारे खोटे विमान तयार केले. त्याच्या वडिलांचा वाद्ये बनवण्याचा कारखाना होता. बाजाच्या पेटीला असतात तसे भाते वापरून त्याने ते डुगडुगणारे खोके बनवले. पहिल्यांदा जत्रेतले खेळणे म्हणून लोक हसले. १९३४ साली टपालाची विमाने सैन्याकडे सोपवली, तेव्हा थोड्याच दिवसांत धुक्यात आणि अंधारात वैमानिक मरू लागले. मग सैन्याने तीच खोकी विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात लाखो वैमानिक त्यांच्यावर शिकले. आज प्रवासी विमानाचा वैमानिकही आधी अशा खोट्या विमानात तासन् तास बसतो. त्यालाच सिम्युलेटर म्हणतात.

ड्रोनचा सिम्युलेटर म्हणजे संगणकाच्या पडद्यावरचा खोटा ड्रोन. रिमोट मात्र खरा. दांडी हलवली की पडद्यावरचा ड्रोन हलतो, वारा लागला की वाहतो, चूक झाली की आदळतो. आदळल्यावर एक बटण दाबले की पुन्हा उभा. खर्च शून्य. हाच आपला पाठीचा भोपळा.

रिमोट संगणकाला जोडायचा कसा

हे काम ट्रॅक्टरची बॅटरी जोडण्यापेक्षा अवघड नाही. आधी आत काय चालते ते समजून घेऊ.

रिमोटला दोन दांड्या असतात. दांडी कुठे आहे, ते रिमोट बारीक बारीक ठोक्यांत सांगतो, हलगीच्या ठोक्यांसारखे. दांडी एका टोकाला असेल तर ठोका सेकंदाच्या हजाराव्या भागाएवढा, दुसऱ्या टोकाला असेल तर त्याच्या दुप्पट, मधोमध असेल तर दीडपट. सगळ्या दांड्यांचे आणि खटक्यांचे ठोके एका ओळीत, सेकंदाला सुमारे पन्नास वेळा. ड्रोन हे ठोके हवेतून ऐकतो. संगणकाला ते वायरीतून ऐकवायचे, एवढेच काम.

जुन्या पद्धतीच्या रिमोटला मागच्या बाजूला गुरू-शिष्याचे छिद्र असते. दोन रिमोट वायरीने जोडून गुरूने चूक सावरायची, यासाठी ते ठेवलेले असते. त्याच छिद्रातून हे ठोके बाहेर काढता येतात. पूर्वी हौशी लोक ती वायर संगणकाच्या माइकच्या छिद्रात घालत आणि फुकटचा एक प्रोग्राम ते ठोके आवाज म्हणून ऐकून त्याचे आकडे करी. आता अंगठ्याएवढे जोडयंत्र मिळते. त्याचे एक टोक रिमोटला, दुसरे यूएसबीला. नव्या पद्धतीच्या हौशी रिमोटला तर थेट मोबाइल चार्जरसारखी यूएसबी वायर लागते. वायर लावली की संगणक त्याला खेळाची जॉयस्टिक समजतो.

आता क्रम सांगतो.

पहिली गोष्ट, जवळपास खरा ड्रोन असेल तर त्याची बॅटरी काढून ठेवा. सरावाच्या वेळी खऱ्या ड्रोनचे पंखे फिरू लागले तर बोटे राहणार नाहीत.

दुसरी, रिमोटमध्ये सरावासाठी नवे कोरे खाते उघडा. खऱ्या ड्रोनच्या खात्यातल्या जोडण्यांना हात लावू नका. रेडिओ लहरी बंद ठेवता येत असतील तर बंद ठेवा, रिमोटची बॅटरी वाचते.

तिसरी, वायर लावा. रिमोटने विचारले तर जॉयस्टिक हा पर्याय निवडा.

चौथी, संगणकात माप बसवा. सगळ्या दांड्या मधोमध सोडा, मग प्रत्येक दांडी चारही टोकांपर्यंत गोल फिरवा. तराजूची पारडी आधी समान करून घ्यायची, तसलाच हा प्रकार. हे नीट केले नाही तर पडद्यावरचा ड्रोन आपोआप एका बाजूला पळतो आणि शिकणारा स्वतःलाच दोष देत बसतो.

पाचवी, कोणती दांडी काय करते ते ठरवा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी डाव्या दांडीने वर-खाली आणि जागेवर वळणे, उजवीने पुढे-मागे आणि डावी-उजवीकडे सरकणे, अशी रीत आहे. तिला मोड दोन म्हणतात. शिकवणाऱ्या संस्थेत जी रीत असेल तीच घरी ठेवा. वर ढकलल्यावर ड्रोन खाली जात असेल तर घाबरू नका, प्रोग्राममध्ये ती दिशा उलटी करता येते.

सहावी, पडद्यावर विमान न निवडता अनेक पंख्यांचा ड्रोन निवडा. शेतीच्या ड्रोनची डावी दांडी सोडली की मधोमध येते आणि ड्रोन त्याच उंचीवर थांबतो. हौशी रिमोटची तीच दांडी सोडली तरी जागेवरच राहते. हा फरक शिकणाऱ्याला पहिल्याच दिवशी सांगा.

'पिकासिम' सारखे प्रोग्राम फुकट मिळतात. त्यांना फार मोठा संगणक लागत नाही. इंटरनेट एकदाच, उतरवून घेण्यापुरते. लॅपटॉप असेल तर भारनियमनातही सराव चालतो. रिमोटला काही हजार रुपये लागतात. पाच-दहा घरांनी मिळून घेतला तर एका फवारणीच्या औषधापेक्षा जड जाणार नाही.

एक धोक्याची सूचना. सगळेच रिमोट असे जोडले जात नाहीत. शेतीच्या ड्रोनसोबत येणारे काही पडद्याचे रिमोट बंदिस्त असतात, ते आपल्याच यंत्राशी बोलतात, संगणकाशी नाही. ड्रोन घेताना विक्रेत्याला हा प्रश्न आधी विचारा आणि उत्तर लेखी घ्या.

सराव काय करायचा

नुसते भिरभिर फिरवणे म्हणजे सराव नव्हे. पहिला आठवडा फक्त एकच काम. ड्रोनची पाठ आपल्याकडे ठेवून एका जागी, एका उंचीवर अर्धा मिनिट थांबवायचा आणि त्याच जागी उतरवायचा.

दुसरा आठवडा ड्रोनचे तोंड आपल्याकडे. इथे भले भले गडबडतात. ड्रोनचे तोंड आपल्याकडे झाले की त्याची डावी ती आपली उजवी होते. तार जवळ आली असताना डोक्याने हिशेब करायला वेळ नसतो, हाताला ते आपोआप कळले पाहिजे. बहुतेक आदळआपट याच एका गोष्टीने होते आणि ती पडद्यावर पूर्ण शिकता येते.

तिसरा आठवडा चौकोन आणि गोल. चौथा आठवडा तास धरणे. कापसाच्या ओळीवरून सरळ जायचे, बांधाशी थांबायचे, एक पट्टा सरकायचे, परत यायचे. उंची एकच, वेग एकच. वेग कमी-जास्त झाला की औषध कुठे दाट, कुठे विरळ पडते, हे पेरणाऱ्याला सांगायला नको. मग पडद्यावरचा वारा वाढवायचा आणि हेच पुन्हा. रोज अर्धा तास पुरे. शंभर वेळा न आदळता उतरवल्याशिवाय खऱ्या यंत्राला हात लावायचा नाही, असा नियम करा.

पडद्यावर जे शिकता येत नाही

सिम्युलेटरवर हात बसला म्हणजे माणूस ड्रोनचालक झाला, असे समजू नका. पडद्यावरच्या ड्रोनमधून विष गळत नाही.

ड्रोनच्या दहा लिटरमध्ये ते औषध असते जे आपण एरवी दीड-दोनशे लिटर पाण्यात मिसळतो. म्हणजे द्रावण कितीतरी कडक. ते मिसळणारे हात माणसाचेच. यवतमाळचा धडा तिथे लागूच राहतो. वाऱ्याने उडालेला थेंब शेजाऱ्याच्या हरभऱ्यावर, गोठ्यावर, विहिरीवर, मधमाश्यांवर जातो. पिकाच्या दोन-तीन मीटर वरूनच उडायचे, वारा उठला की थांबायचे, ड्रोनने फवारायला मान्यता असलेलेच औषध घ्यायचे, ही शिस्त पडदा शिकवत नाही. टाकीत हिंदकळणारे पाणी, टाकी रिकामी होताना हलके होत जाणारे यंत्र, फुगलेली बॅटरी, तुंबलेले नोझल, हे सगळे प्रत्यक्षातच शिकावे लागते.

कायद्याचेही तसेच. ऑगस्ट २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे फवारणीच्या ड्रोनला नोंदणी क्रमांक लागतो आणि चालवणाऱ्याला रिमोट पायलटचे प्रमाणपत्र लागते. वय १८ ते ६५, शिक्षण दहावी पास, आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने मान्यता दिलेल्या संस्थेत शिक्षण. प्रमाणपत्र १० वर्षे चालते. त्याची सरकारी फी नाममात्र आहे, संस्थेची फी मात्र हजारांत मोजावी लागते. विमानतळापासून १२ किलोमीटरच्या पलीकडे, लाल-पिवळ्या पट्ट्याबाहेर, ४०० फुटांपर्यंत वेगळी परवानगी लागत नाही. नांदेडचे विमानतळ मुखेडपासून त्याच्या कितीतरी दूर आहे. तरीही उडवण्याआधी सरकारी नकाशा बघून घ्यावा.

म्हणजे घरच्या सरावाने प्रमाणपत्र मिळत नाही. पण हात बसवून गेलेला पोरगा त्या पाच दिवसांत खरे शिकून येतो आणि हात न बसवता गेलेला दांड्या ओळखण्यातच पाच दिवस घालवतो. फी दोघांनाही सारखीच.

काही शंका

कुणी म्हणेल, आता ड्रोन आपोआप उडतात. नकाशावर शेत आखले की झाले. मग दांड्या कशाला शिकायच्या? खरे आहे, चांगल्या दिवशी तो आपोआप उडतो. पण उपग्रहाचा इशारा तुटला, मध्येच वावटळ उठली, आखलेल्या वाटेवर कडुलिंबाची फांदी आली, की यंत्र माणसाकडे बघते. त्या चार सेकंदांसाठीच चालक लागतो.

कुणी म्हणेल, हा पोरांचा खेळ आहे. असू द्या. पोरे मोबाइलवर बंदुकीचे खेळ खेळतातच. तोच अर्धा तास उद्याच्या रोजगाराला लागला तर बिघडले काय? मुखेडच्या वाड्या-तांड्यांवरची माणसे दिवाळीनंतर ऊसतोडीला, हैदराबादला, मुंबईला जातात. गावात हंगामाचे चार महिने तरी जाणत्याचे काम मिळाले तर एखादे घर तरी थांबेल. सगळी थांबतील, असे खोटे आश्वासन आम्ही देत नाही.

फवारणीच्या मजुराचे काय, हा खरा प्रश्न आहे. त्याची मजुरी जाईल. पण ती मजुरी कशाची आहे, तेही बघा. ज्याने वर्षानुवर्षे विष अंगावर घेतले त्याच्या पोराला रिमोटच्या रांगेत पहिले उभे करा. दहा एकरवाल्याचा पोरगा लातूरला जाऊन शिकेलच.

आणि बायांचे काय? चळवळीने १९८६ साली चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन घेतले. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात घरच्या लक्ष्मीच्या नावावर जमीन लावा, म्हणून गावोगाव सांगितले. ज्या विचाराने सातबाऱ्यावर तिचे नाव लागले, त्याच विचाराने रिमोटवर तिचा हात पाहिजे. ड्रोन बाईच्या नावावर आणि उडवणारा तिचा पुतण्या, असला सरपंचपतीचा प्रकार इथे नको. गावातच सरावाची सोय झाली तर तिला घर सोडून न जाता, चूल-गुरे आटोपून हात बसवता येईल.

ज्ञानाला कुलूप नको

तंत्रज्ञान शेतकऱ्यापर्यंत येऊ न देण्याची सरकारची सवय जुनी आहे. २००१ साली गुजरातेत बोंडअळीला पुरून उरणारा कापूस शेतकऱ्यांच्या शेतात उभा दिसला, तेव्हा सरकार तो जाळायला निघाले. मार्च २००२ मध्ये बीटी कापसाला मान्यता द्यावीच लागली. जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहागीरला शेतकऱ्यांनी बंदी असलेले तणनाशक सहन करणारे बियाणे उघडपणे पेरले, ते तंत्रज्ञान निवडण्याच्या हक्कासाठी. ड्रोनच्या बाबतीत सरकार उलट यंत्र वाटत सुटले आहे. पण यंत्र वाटले आणि विद्या कुलपात ठेवली, तर गुलामी तशीच राहते. कुलपाची किल्ली या वेळी महाग नाही. ती एका वायरीच्या टोकाला आहे.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे आम्ही पुढील मागण्या ठेवतो. बैठकीने त्यावर चर्चा करून ठराव करावा.

१. अनुदानातून दिल्या जाणाऱ्या प्रत्येक ड्रोनचा रिमोट संगणकाला जोडता आला पाहिजे, किंवा सोबत सरावाचा वेगळा रिमोट मिळाला पाहिजे. ही अट अनुदानाच्या कागदात लिहावी.

२. सगरोळीचे कृषी विज्ञान केंद्र आणि परभणीचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ यांनी तालुक्याच्या गावी सरावाचे संच ठेवावेत. परभणीला रोबोट आणि ड्रोनवरच्या डिजिटल शेतीचे केंद्र जागतिक बँकेच्या मदतीच्या प्रकल्पातून उभे राहिले. त्याचा उजेड मुखेड, मुक्रमाबाद, बाऱ्हाळी, जांबपर्यंत यावा.

३. प्रमाणपत्राचे शिक्षण आणि चाचणी शिबिराच्या रूपाने जिल्ह्यात, पेरणीच्या आधी आणि मराठीतून व्हावी.

४. ड्रोनच्या सुट्या भागांची आणि दुरुस्तीची सोय तालुक्यात झाल्याशिवाय कोणत्याही बचत गटाच्या गळ्यात कर्ज मारू नये.

५. आणि मूळ मागणी तीच. कापूस बाजारात येण्याच्या वेळी आयातीचे दार उघडून भाव पाडणे बंद करा.

या मागण्या मान्य होतील तेव्हा होतील. सरकारच्या तोंडाकडे बघत बसायची आपली रीत नाही. तालुक्यात एमएस-सीआयटीचे संगणक वर्ग आहेत, शेतकरी कंपन्यांची कार्यालये आहेत, गावोगाव एखादा तरी लॅपटॉप आहे. पाच-दहा घरांनी मिळून एक रिमोट घ्यावा, दोन पोरे आणि दोन पोरी निवडाव्यात आणि येत्या मृगाच्या आधी त्यांचा हात बसवून घ्यावा. ज्या गावांनी हे सुरू केले त्यांनी पुढच्या बैठकीला त्या पोरापोरींना रिमोट आणि लॅपटॉप घेऊन सोबत आणावे. बाकीच्या गावांना ते बघून लवकर समजेल.